जुन्या रायफलीचं बॅरल बदलायच्या आधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी लोकांच्या शिकारीच्या आवडीवर जो लेख आला होता तो फिरत फिरत आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि मी दोनदा वाचला. लेख मनापासून लिहिलाय, फोटो पण छान आहेत. पण त्यात जुन्या रायफलीबद्दल जे दोन-चार ओळीत लिहिलंय, की सेकंडहँड रायफल स्वस्तात उचलायची, लगेच नवीन बॅरल म्हणजे नळी टाकायची, व्हिडिओ बघून घरच्या गॅरेजमध्ये पण होतं, आणि मग रायफल नवीकोरी, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. कारण आमच्या भागातली बरीच मराठी पोरं आता नोव्हेंबरात हरणाच्या सीझनला जायला लागलीत, आणि हा लेख त्यांनी पण वाचलाय, त्यातल्या दोघांनी मला फोन करून विचारलं पण की काका बॅरल कुठलं घेऊ.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर हात बसला. आता बरीच वर्षं पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरच्या बाजूला एका मशीन शॉपमध्ये आहे आणि शनिवारी एका म्हाताऱ्या गनस्मिथकडं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडं, कामाला जातो. बॅरल बसवणं म्हणजे शेवटी लेथचंच काम, त्यामुळं मला ते काम जवळचं वाटतं.

तिकडच्या वाचकांना आधी एक सांगतो नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे आणि ते बरोबरच आहे, आपल्याकडची जनावरं संपत आली होती. इथली गोष्ट वेगळी, इथं पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी वाढतात की रस्त्यावर गाड्यांना धडकतात, शेती खातात, जंगलातली नवीन रोपं वर येऊ देत नाहीत, आणि 1895 पासून राज्याचं गेम कमिशन हे सगळं बघतं. किती मारायची ते ठरवून लायसन्स देतात, गेली काही वर्षं दर सीझनला साधारण चार लाख किंवा जास्त हरणं मारली जातात तरी संख्या टिकून आहे. मांस घरात खातात, जास्त झालं तर फूड बँकेला देतात. पहिल्यांदा लायसन्स काढायचं तर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, अंगावर भडक केशरी कपडे घालावे लागतात. तर ही शिकार म्हणजे कुणाची मौजमस्ती नाही, आणि म्हणूनच रायफल नीट असणं हा जनावराच्या बाबतीतला पण प्रश्न आहे. गोळी फुप्फुसात बसली तर हरीण काही सेकंदात पडतं, पोटात बसली तर तासन् तास तडफडत फिरतं आणि रात्री टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत हिंडावं लागतं. ज्यानं हे एकदा बघितलंय तो रायफलीच्या नेमाबद्दल हलक्यात बोलत नाही.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जुनी शिकारी रायफल नेम धरत नसली तर बॅरलवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि संशय खरा निघाला तर मग मात्र कंजूषपणा करून ढकलाढकली करायची नाही, एकतर नीट बदलायचं नाहीतर रायफल सोडून द्यायची.

बॅरल झिजतं म्हणजे काय ते आधी बघू. बऱ्याच लोकांना वाटतं गोळी घासून घासून नळी मोठी होते. खरं नुकसान होतं ते बारूदच्या गॅसनं. काडतूस बसतं ते चेंबर संपतं आणि गोळीला गरगर फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा जिथं सुरू होतात त्या दोन-तीन इंचात प्रचंड दाबाचा आणि आगीचा झोत प्रत्येक वेळी आदळतो, पोलाद क्षणभर तापतं, गार होतं, परत तापतं, आणि पृष्ठभाग भाजून बारीक भेगा पडायला लागतात. बोरस्कोप, म्हणजे नळीत घालायचा बारीक कॅमेरा, घालून बघितलं तर दुष्काळात तळ्याचा गाळ सुकून कसा भेगाळतो तसं दिसतं. हळूहळू त्या भेगांच्या कडा उडतात, खाचांची सुरुवात पुढं पुढं सरकते आणि गोळीला खाचा पकडायच्या आधी मोकळी उडी मारावी लागते. बाकीची वीस इंच नळी चकाचक असते, खराब होतो तो घसा.

आणि हे किती गोळ्यांनंतर होतं ते काडतुसावर अवलंबून आहे. बारूद जास्त आणि नळीचं भोक लहान असेल तर घसा लवकर जळतो. साधारण हिशेब असा की (हे आकडे म्हणजे काडतुसांची नावं) 308 किंवा 30-06 ला चांगला नेम तीन ते पाच हजार राऊंडपर्यंत टिकतो, 243 ला दीड ते अडीच हजार, आणि 264 विंचेस्टर मॅग्नम किंवा 220 स्विफ्टसारख्या तापट काडतुसांना हजार-दीड हजारातच उतार लागतो. गरम नळीतून धडाधड गोळ्या मारल्या तर याच्याही आधी. आता हरणाचा शिकारी वर्षाला किती गोळ्या मारतो? सीझनच्या आधी स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, तपासायला पाच-सहा, सीझनमध्ये एक-दोन, फार तर वीसचा एक डबा. चाळीस वर्षं कुणी दर वर्षी अख्खा डबा संपवला तरी आठशे राऊंड होतात. म्हणजे आजोबाची 30-06, जी कपाटातून फक्त थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला बाहेर निघायची, तिचं बॅरल अजून भर तारुण्यात आहे. लाकडावरचे ओरखडे, उडालेलं ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, गंजलेले पट्ट्याचे हुक, हे सगळं बघून लोक म्हणतात जुनी झाली, पण बाहेरचं रूप आणि आतला घसा यांचा काही संबंध नाही.

याच्या उलट पण असतं आणि तिथं लोक फसतात. पेन्सिल्व्हेनियात उन्हाळ्यात शेतात ग्राउंडहॉग मारायची जुनी पद्धत आहे, घुशीपेक्षा मोठा प्राणी, शेताच्या बांधात बिळं करतो, घोड्याचा-गाईचा पाय त्यात जातो म्हणून शेतकरीच बोलावतात. त्याच्यासाठी लोक 243, 22-250 असल्या वेगवान रायफली वापरतात आणि एका दुपारी पन्नास-पन्नास गोळ्या उडवतात. अशी रायफल बाहेरून बघाल तर सुंदर, लाकूड पॉलिश केलेलं, कारण हा माणूस ट्रकच्या बॉनेटवर सतरंजी टाकून बसून मारणारा, झाडीत कधी घासली नाही. आणि घसा पार गेलेला. म्हणून सेकंडहँड घेताना रायफल किती जुनी आहे हे विचारण्यापेक्षा उन्हाळ्यात ती कुठं होती हे विचारा.

सोलापूरकडचा एक मुलगा आहे आमच्या इथं, त्यानं रेमिंग्टन 700 घेतली 270 मध्ये, एका दुकानाच्या जुन्या रॅकवरची. शंभर यार्डावर गोळ्या तळहाताएवढ्या पसरायच्या. त्याला रेंजवरच्या तिघांनी सांगितलं बॅरल गेलंय, बदल. तो बॅरलचे पैसे भरायच्या तयारीत माझ्याकडं आला. आम्ही काय केलं ते जरा सविस्तर लिहितो कारण हेच कुणी सांगत नाही.

पहिल्यांदा स्कोप काढला. खाली त्याच्या बैठकीचे, बेसचे, जे चार इवले स्क्रू असतात त्यातला पुढचा एक हातानं फिरत होता. त्यावर कितीही महाग स्कोप लावा, प्रत्येक धक्क्याला तो केसभर हलणार आणि केसभर इथं म्हणजे शंभर यार्डावर दोन-तीन इंच. स्क्रू काढून, तेल पुसून, थ्रेडलॉक लावून, टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं बसवले. मग लाकडी दस्त्याला अॅक्शन (बॅरलच्या मागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग) धरून ठेवणारे खालचे दोन मोठे स्क्रू बघितले, ते पण ढिले. मग एक डॉलरची नोट घेतली आणि बॅरल आणि लाकडाच्या मधून सरकवत मागं नेली. ही इथली सगळ्यात जुनी टेस्ट, नोट जिथं अडकते तिथं लाकूड नळीला टेकतंय. काही रायफलींना कंपनीच मुद्दाम टोकाला एक टेकू ठेवते तो वेगळा, पण हिच्यात टेकूच्या मागं एका बाजूला लाकूड फुगून घट्ट दाबत होतं. दमट हवेत अक्रोडाचं लाकूड फुगतं, नळी तापली की तिला एका बाजूनं ढकलतं, म्हणून पहिली गोळी एकीकडं, तिसरी भलतीकडं. सँडपेपर गुंडाळून तेवढी जागा घासली आणि उघड्या लाकडाला सीलर मारला.

मग साफसफाई. कुणी तरी वर्षानुवर्षं नुसतं तेल मारून ठेवली होती. गोळीवरचं तांबं खाचांमध्ये थरावर थर बसतं आणि ते तेलानं निघत नाही, त्याला अमोनियावालं सॉल्व्हंट लागतं. चेंबरच्या बाजूनं, रॉडला गाईड लावून, नायलॉनचा ब्रश वापरायचा, कारण पितळी-ब्राँझचा ब्रश स्वतःच विरघळून चिंधीला निळं करतो आणि आपल्याला वाटतं तांबं निघतंय. सॉल्व्हंट मारून पंधरा मिनिटं थांबून चिंधी घातली तर गडद निळी बाहेर आली, परत मारलं परत निळी, संध्याकाळपर्यंत हेच चाललं आणि शेवटी चिंधी पांढरी आली. शेवटी नळीचं तोंड, ज्याला क्राउन म्हणतात. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा गॅस सगळ्या बाजूनं सारखा सुटला पाहिजे, एका बाजूला कड दबलेली असेल तर गॅस तिथून आधी सुटतो आणि गोळीचं बूड ढकलतो. कानात घालायचा कापसाचा बड घेऊन आतून बाहेर ओढला की जिथं बर, म्हणजे धातूची उचललेली कड, असेल तिथं कापसाचे तंतू अडकतात. एका ठिकाणी अडकले. ट्रकच्या मागं उभी टाकून टाकून आपटली असणार. लेथवर धरून नवीन क्राउन मारला, काम अर्ध्या तासाचं, बाहेर याचे साधारण शंभर डॉलर घेतात.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं घेऊन रेंजवर गेलो, आणि पहिल्या फेरीला मी त्याला मारू दिलं नाही, दुसऱ्या एका सवयीच्या माणसाला बसवलं, कारण खांद्याला धक्का बसणार म्हणून डोळे मिटून चाप ओढणारे पण असतात आणि बिल बॅरलच्या नावावर फाडतात. एका काडतुसाला ग्रुप, म्हणजे कागदावरच्या गोळ्यांचा पसारा, दीड इंचाच्या आत आला, दुसऱ्याला अडीच. त्याच बॅरलचा, जे सगळ्यांनी मेलं म्हणून सांगितलं होतं. हरणाच्या छातीतली जी जागा धरायची ती साधारण आठ इंचांची, आणि इथल्या जंगलात शंभर यार्डाच्या पुढं दिसतं कुठं, झाडीच एवढी दाट. दीड काय दोन इंचाची रायफल पण इथं पुरून उरते. इंटरनेटवर अर्ध्या इंचाचे ग्रुप दाखवतात ते टार्गेट मारणाऱ्या लोकांचं काम, आणि तीन गोळ्यांचा एक चांगला ग्रुप खिशात घालून फिरण्यात अर्थ नाही, नळी गार करत करत दहा गोळ्या मारा मग रायफल खरं बोलते.

(आणि जुनी रेमिंग्टन 700 घेतली असेल तर बॅरलच्या आधी ट्रिगर तपासून घ्या. 2014 साली कंपनीनं स्वतः त्यांचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर दुरुस्तीला परत मागवले होते, आणि त्याच्या आधीच्या ट्रिगरवरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. हे नेमापेक्षा आधी बघायचं.)

बोरस्कोपबद्दल पण एक सांगतो. हल्ली फोनला जोडायचे स्वस्तात मिळतात, सगळ्यांकडं आहेत, आणि आत बघून माणसं घाबरतात. कारखान्यातलं कोरं बॅरल आतून बघितलं तरी टूलचे ओरखडे दिसतात, पाचशे राऊंडला थोडी जळल्याची खूण दिसतेच. रायफल कागदावर गोळ्या एका जागी टाकत असेल तर आत काय दिसतं याला महत्त्व देऊ नका.

आता खरंच गेलेलं बॅरल. तशी एक 243 आली होती, वर सांगितलं तसल्या ग्राउंडहॉगवाल्याची. सगळं तपासलं, स्क्रू घट्ट, क्राउन स्वच्छ, तांबं काढलं, तीन प्रकारची काडतुसं, तरी चार-चार इंच, आणि मधूनच एक गोळी कुठंतरी लांब. आत बघितलं तर खाचांची सुरुवातच सापडेना, सगळा भेगांचा पट्टा. तिथं मग औषध नाही. कधी कधी मागचा भाग एक-दोन आट्यांइतका कापून चेंबर नव्यानं कोरतात, त्याला सेटबॅक म्हणतात, पण त्यासाठी बॅरल जाड लागतं आणि खराबी थोड्या जागेत असावी लागते, शिकारी बॅरल निमुळतं असतं त्यामुळं क्वचित जमतं. गंजानं खड्डे पडलेलं, किंवा जुन्या मिलिटरी काडतुसांच्या खारट प्रायमरनं (बारूद पेटवणाऱ्या टोपीनं) खाल्लेलं बॅरल, त्याचं पण तसंच.

मग खर्चाचा हिशेब. क्रीगर, बार्टलीन, शिलेन, हार्ट, लिल्जा असल्या नावाजलेल्या लोकांचं कोरं बॅरल चारशे डॉलरच्या आसपास पडतं. ते कापून, आटे पाडून, चेंबर कोरून, क्राउन मारून, ब्लूइंग करून बसवायचे आणखी तीन-चारशे, कधी पाचशे. म्हणजे सात ते नऊशे डॉलर. आणि रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अॅक्सिससारखी अख्खी नवीन रायफल चार ते सहाशेत येते, आणि नेमाला चांगली असते. नुसता पैशाचाच हिशेब बघितला तर साध्या रायफलीला नवीन बॅरल टाकणं परवडत नाही, हे स्पष्ट आहे. तेव्हा प्रश्न असा की त्या बॅरलच्या मागं जे आहे ते एवढ्या किमतीचं आहे का. रेमिंग्टन 700 ची अॅक्शन धडधाकट असेल तर आहे, गोल अॅक्शन, लेथवर सरळ करायला सोपी, पार्ट सगळीकडं मिळतात. जुनी माउझर 98 असेल, रुगर 77 असेल, तर आहे. वडिलांची असेल तर बाजारभाव बघूच नये, फक्त जुनं बॅरल फेकू नका, तेल लावून गुंडाळून नंबरची चिठ्ठी लावून ठेवा, पुढं कुणाला परत बसवावंसं वाटलं तर असू दे.

पण विंचेस्टर मॉडेल 70 हातात आली आणि ती 1964 च्या आधीची असेल तर थांबा. 1936 पासून ही रायफल निघाली आणि 1964 ला कंपनीनं खर्च वाचवायला तिची बनावट बदलली, त्यामुळं आधीच्या रायफलींना जमवणारे लोक मोठी किंमत देतात, आणि ती किंमत मूळ बॅरलसकट असते. ते काढलं की अर्धी किंमत त्याच्याबरोबर जाते. अशी रायफल विका, आलेल्या पैशात दोन चांगल्या येतील. आणि इथं घरोघरी दिसणारी रेमिंग्टन 760 पंप (पुढचा दस्ता हातानं मागंपुढं सरकवून काडतूस भरायची), 1952 पासूनची, कारण या राज्यात हरणाला सेमीऑटो (आपोआप पुढचं काडतूस भरणारी) रायफल चालत नाही म्हणून पंपच लोकप्रिय झाली, तिचा बोल्ट बॅरलच्या मागच्या एक्स्टेन्शनमध्ये लॉक होतो त्यामुळं तिचं बॅरल बदलणं बोल्ट रायफलीसारखं सरळ नाही, ते करणारे कारागीर मोजकेच आहेत. तिला नवीन बॅरलच्या नादाला न लागलेलं बरं.

बदलायचं ठरलं की लगेच प्रत्येकाच्या डोक्यात येतं की मग काडतूसच बदलून टाकू. इथं जरा विचार करा. 30-06, 270, 25-06, 280 यांचं बूड एकाच मापाचं आणि लांबी जवळपास सारखी, त्यामुळं बोल्ट, मॅगझिन काही न बदलता एकातून दुसऱ्यात जाता येतं. 308, 243, 7एमएम-08 हे तसंच आखूड अॅक्शनचं कुटुंब. 243 च्या त्या माणसाला आम्ही 7एमएम-08 सुचवलं, घसा जास्त टिकतो आणि हरणाला वजनदार गोळी. पण 270 च्या लांब अॅक्शनमध्ये 6.5 क्रीडमूर टाका म्हणून येतात, बसतं पण मॅगझिन लांब आणि काडतूस आखूड, मग फीडिंगची कटकट. मॅग्नममध्ये जायचं तर बोल्टचं तोंडच वेगळं लागतं.

आणि पीळ विचारून घ्या. खाचा किती इंचात एक फेरा घेतात त्यावर कुठल्या लांबीची गोळी स्थिर राहते ते ठरतं. 1955 ला रेमिंग्टननं 244 नावाचं काडतूस काढलं, 12 इंचाला एक फेरा, आणि त्याच साली विंचेस्टरनं 243 काढलं 10 इंचाला एक. 244 हलक्या गोळ्यांना उत्तम होतं पण हरणासाठी वजनदार गोळी पाहिजे म्हणणाऱ्या लोकांनी 243 उचललं, आणि रेमिंग्टनला 1963 ला तेच काडतूस 6एमएम रेमिंग्टन नावानं जास्त पिळाच्या बॅरलमध्ये परत आणावं लागलं, तोवर बाजार गेला होता. आज हे जास्त महत्त्वाचं आहे कारण लोक शिशाऐवजी अख्ख्या तांब्याच्या गोळ्या वापरायला लागलेत, कॅलिफोर्नियात तर 2019 पासून शिकारीला शिसं बंदच आहे, आणि तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. सात-नऊशे डॉलर घालताय तर पुढची वीस वर्षं कुठली गोळी मारणार ते आज ठरवा.

आता ते गॅरेजमध्ये व्हिडिओ बघून करायचं प्रकरण, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. सॅव्हेजची रचना अशी आहे की बॅरलवर एक नट असतो, तो सैल करून बॅरल पुढंमागं करून गेजवर, म्हणजे काडतुसाच्या आकाराच्या नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर, माप धरता येतं, आणि अवजारं नीट असतील, गेज विकत घेतले असतील, समज असेल तर घरी होतं, मी नाही म्हणत नाही. पण लेखात ते सरसकट लिहिलंय, कुठल्याही रायफलीला. रेमिंग्टन 700 च्या बॅरलचे आटे म्हणजे 1 पूर्णांक 1/16 इंच व्यास, इंचाला 16 आटे. ते पाडायच्या आधी बॅरल हेडस्टॉकमधून घालून दोन्ही टोकांना इंडिकेटर लावून आतलं भोक सेंटरला आणावं लागतं, बाहेरचा व्यास नव्हे, कारण लांब ड्रिल थोडं तरी वाकडं जातंच, आणि हे सेंटरिंगच अर्धा दिवस खातं. मग आटे, मग रीमरनं चेंबर, थोडं कोरायचं, बाहेर काढायचं, कीस पुसायचा, तेल, परत आत. शेवटी शेवटी एक-एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मोजत जायचं. गो गेज घातल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि नो-गो घातल्यावर बंद होता कामा नये, या दोघांत फरक फक्त चार-सहा थाऊंचा. बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातल्या काडतुसाच्या या जागेला हेडस्पेस म्हणतात. ते जास्त राहिलं तर काडतुसाचं पितळ मागं ताणून फाटतं आणि साठ हजार पीएसआयच्या आसपासचा गॅस मागं, तोंडावर येतो. आमचा म्हातारा गनस्मिथ बोल्टमधली स्प्रिंग आणि पिन काढून, नुसत्या बोटाच्या वजनानं बोल्ट खाली येतो का बघतो, आणि त्या वेळी दुकानात कुणी बोललेलं त्याला चालत नाही.

हे काम पोरांनी टी-शर्ट घालून व्हिडिओ बघत करायचं नाही, संपादकसाहेब. एवढी एक दुरुस्ती तरी पुढच्या पुरवणीत छापा ही विनंती.

कायद्याचं पण लेखात राहून गेलं. इथं कायद्यानं रायफल म्हणजे तिचा नंबर असलेला रिसीव्हर, बॅरल हा नुसता पार्ट, तो पोस्टानं घरी येतो, म्हणून पोरांना वाटतं सगळंच मोकळं आहे. पण व्हिसावर, एच-1बी वगैरेवर असलेल्यांना बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे, वैध शिकारीचं लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तेव्हा व्हिसावरच्या मुलांनी आधी वकिलाला विचारावं, मित्राला नाही. आणि गावाकडं ज्यांच्या घरी वडिलोपार्जित परवान्याची बंदूक आहे, पिकाच्या राखणीची म्हणा किंवा इशापूरची जुनी 315 म्हणा, त्यांनी हे वाचून तिच्या नळीला हात लावायला जाऊ नये. आपल्याकडं शस्त्र कायद्यात बंदुकीचे भाग पण शस्त्रातच धरले जातात, नळी बदलणं, आखूड करणं हे स्वतः करायचं काम नाही, गुन्हा होतो. परवाना असलेल्या दुकानदाराकडं परवाना घेऊनच जायचं आणि आधी पोलीस ठाण्यात नीट विचारून घ्यायचं.

शेवटी इथल्या मुलांसाठी, ज्यांचं बॅरल खरंच गेलंय आणि बदलायचं ठरलंय. गनस्मिथकडं सप्टेंबरात जाऊ नका, तेव्हा सगळं गाव त्याच्या दारात उभं असतं आणि चांगल्या माणसाकडं सहा-सहा महिन्यांची रांग असते. डिसेंबरात सीझन संपला की लगेच नंबर लावा. जाताना तुम्ही वापरणार त्या काडतुसाचा डबा बरोबर न्या, नवीन बॅरलची जाडी जुन्याएवढीच मागा म्हणजे दस्ता परत कोरावा लागत नाही, आणि काम झाल्यावर कुठल्या गेजनं तपासलं ते लिहून मागा. चांगला कारागीर या प्रश्नानं चिडत नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडून रायफल तशीच परत घेऊन या. आणि आमच्या भागात असाल तर शनिवारी दुकानात या, बोरस्कोप आणि डॉलरची नोट दोन्ही आहेत, तपासायचे पैसे घेत नाही.

आपला,
एक वाचक
(मूळ कोल्हापूर, सध्या लँकेस्टर काउंटी, पेन्सिल्व्हेनिया)